सोमवारचा वारा

वरुडमाळ, ता. जिंतूर
२४ जुलै २०२४

शिवकांतास आक्काचा आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला ठेवशील, मला माहीत आहे. ठेव, पण फाडू नकोस. पोस्टातला बजरंग मला हसला. म्हणाला, "आक्का, आता कोन लिहितंय चिठ्ठ्या? फोन लावा की." त्याला काय सांगू, की आठ वर्षांत माझ्या भावाने माझा एक फोन उचलला नाही? शिवाय फोनवर मला सारवासारव करायची खोड आहे. कागदावर जरा धाक राहतो.

आम्ही बरे आहोत. तुझ्या दाजींचे गुडघे गेले, जीभ शाबूत आहे. सोयाबीन झकास आलंय, म्हैस व्याली, वगार झाली. माळावरून वारा असा सुटलाय की वाळत घातलेलं धुणं शेजारच्या नर्मदाबाईच्या अंगणात जाऊन पडतं. ती ते घडी करून आणून देते आणि वर चार गोष्टी ऐकवते.

आणि तुझ्या दोन्ही पवनचक्क्या रात्रंदिवस फिरताहेत. मी 'तुझ्या'च म्हणणार. पाथरीच्या बन्सीधरशेठने त्या आपल्या कापसाच्या जिनिंगला वीज मिळावी म्हणून उभ्या केल्या हे खरं, पण या माळावर वारा किती हे वर्षभर मोजून सांगितलं होतंस तू. जूनपासून पोळ्यापर्यंत त्यांच्याकडे बघत बसावं. दिवाळी झाली की मात्र रुसलेल्या जावयासारख्या जागच्या हलत नाहीत. जिथं दहा पोती होतील असं सांगावं आणि सहाच व्हावीत, तशी त्यांची पहिल्या वर्षाची वीज निघाली. शेठने खापर तुझ्या डोक्यावर फोडलं, भर बाजारात तुला चोर म्हटलं, आणि तू नोकरी सोडून पार कच्छात भुजला जाऊन बसलास. जाण्याआधी एकदा माझ्याकडे आलास, एक प्रश्न विचारलास आणि नंतर बोलणंच टाकलंस. त्याबद्दल आज लिहीत नाही.

आज बातमी द्यायची आहे. माळावर पुन्हा वारा मोजायला लोक आलेत. नवी कंपनी, नवा मनोरा. तुझा पन्नास मीटरचा होता, हा एकशेवीस मीटरचा आहे. बघताना डोक्यावरचा पदर पडतो. त्यांची इंजिनियर एक पोरगी आहे, ईश्वरी नाव, नांदेडची. पुढची खोली तिला भाड्याने दिली आहे. पोरगी गुणी आहे, फक्त भाकरी पातळ लागते. आल्या आल्या तिने विचारलं, "काकू, इथं आधी कोणी वारा मोजला होता का?"

मी म्हणाले, "चहा टाकू का?"

राजेश्रीला आणि सृष्टीला आशीर्वाद सांग. सृष्टी आता आठवीत असेल ना, मी वर्षं मोजत असते.

तुझी आक्का, उमादेवी


५ सप्टेंबर २०२४

शिवकांत,

उत्तर नाही आलं. येईल असं धरलंही नव्हतं. पण आता मला थांबता येत नाही.

पोळा झाला. परवा ईश्वरीने तुझा जुना अहवाल कुठूनसा मिळवला आणि ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली. मी शेजारी शेंगा फोडत होते. मध्येच ती खुदकन हसली. "काकू, ही गंमत बघा. बाकी वर्षभर सगळं ठीक आहे. पण डिसेंबर ते फेब्रुवारी, दर सोमवारी वारा वाढतो. हा वारा सोमवारचा उपास धरतो की काय?"

मी शेंगा फोडत राहिले. मग तिचं हसू गेलं. म्हणाली, "कोणीतरी घरात बसून आकडे लिहिलेत. आमच्या ऑफिसात या माणसाच्या नावापुढे शेराच आहे, याचा कुठलाही आकडा धरायचा नाही म्हणून. या धंद्यात नाव एकदा गेलं की गेलं."

तू माझा भाऊ, हे तिला माहीत नाही. माझं माहेरचं आडनाव तिला कोण सांगणार? आणि मी सांगितलं नाही, शिवकांत. शेंगांची टोपली उचलून आत गेले.

आता ऐक. तुला कदाचित सगळं माहीत असेल, तरी माझ्या तोंडून ऐक. त्या वर्षी दत्तजयंतीच्या सप्ताहात भोंग्याची बॅटरी बसली, म्हणून गावातल्या पोरांनी तुझ्या मनोऱ्याच्या आकडे नोंदवणाऱ्या डब्यातली बॅटरी काढून नेली. देवाचं काम, त्यात विचारायचं काय! सप्ताह झाला, बॅटरी परत आली, पण डबा कायमचा मेला. नवा यायला अडीच महिने लागणार होते. तू पुण्याहून आलास, माझ्या हातात ते छोटं वारा मोजायचं यंत्र दिलंस, वही दिलीस आणि म्हणालास, "आक्का, माझा दुसऱ्या कुणावर भरवसा न्हाई. रोज तीनदा पाण्याच्या टाकीवर चढायचं, जे दिसंल ते लिहायचं."

पंधरा दिवस मी इमानाने लिहिलं. सेकंदाला दोन मीटर, अडीच, कधी तीन. आकडे बघून माझाच जीव खाली यायचा. नर्मदाबाई म्हणाली, "आगं, पोरगी बघायला पावने आले तर तिला जरा तिरळं दिसतंय असं आपनच सांगतो का? हळद-पावडर लावूनच पुढं आनतो की." मला पटलं. नंतर मी अडीचचे चार केले, तीनचे साडेचार. आणि सोमवारी हात आपोआप सढळ व्हायचा. महादेवाच्या दिवशी कमी कसं लिहू? त्या दिवशी पाच.

पण हळद-पावडर हे निमित्त. खरं कारण मी नर्मदाबाईलाही सांगितलं नाही. मला वाटलं, वारा चांगला निघाला की चक्क्या येतील, चक्क्या आल्या की त्या बघायला तू इथं राहशील. एवढंच. तू रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून चहा पिशील यासाठी मी वारा वाढवला.

किती वाढवला ते मला परवा कळलं. मी ईश्वरीला आडून विचारलं, "पोरी, आकडा थोडा इकडंतिकडं झाला तर काय बिघडतं?" ती म्हणाली, "काकू, वारा दुप्पट झाला की वीज आठपट होते. दीडपट लिहिला तरी कागदावर वीज तिपटीच्या पुढं जाते." मला वाटलं होतं मी चिमूटभर मीठ जास्त टाकलं. मी तर गोणी ओतली होती.

आणि तू येऊन विचारलंस, "आक्का, वही खरी हाय ना?" तेव्हा मी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून 'हो' म्हणाले. तू माझ्याकडे बघत राहिलास आणि म्हणालास, "मंग वाराच खोटं बोलला आसंल." आठ वर्षं रोज पूजेला लिंग तळहातावर घेते आणि आधी मनात माफी मागते. देव ऐकत असेल. तू ऐकलंस तर मला जास्त बरं वाटेल.

आक्का


२० ऑक्टोबर २०२४

शिवकांत,

तुझं पत्र आलं. बजरंग सायकल टाकून धावतच आला, म्हणाला, "आक्का, भुजचं हाय!" अर्ध्या गल्लीला कळलं. चारच ओळी लिहिल्यास, पण माझ्या चार वाचनांना पुरल्या. पाचव्यांदा दाजींनी वाचून दाखवल्या.

"मला तेव्हाच कळलं होतं. सोमवार मीही पाहिले होते. म्हणूनच विचारायला आलो होतो. शेठला सांगितलं असतं तर लोकांनी तुला नावं ठेवली असती."

म्हणजे तू ओळखून होतास. चोर कोण हे तुला माहीत होतं आणि तरी शिव्या खाल्ल्यास. मी दोन दिवस जेवले नाही. दाजी म्हणाले, "आता उपास करून काय उपेग? तवा वही लिवताना केला आसता तर वारा तरी कमी लिवला आसता." तुला माहीतच आहे त्यांचं. जखमेवर मीठ चोळतील आणि फुंकरही घालतील.

बरं, ऐक. दिवाळीनंतर कंपनी गावाला बोलावून सगळं समजावणार आहे, किती चक्क्या, कुठं, कुणाचं रान जाणार. पाथरीहून बन्सीधरशेठही येणार आहेत, त्यांचा जुना अनुभव ऐकायला म्हणून. मी ठरवलं आहे. काय ठरवलं ते लिहिलं तर तू फोन करून अडवशील. आठ वर्षांनी तुझा पहिला फोन भांडायला यावा असं मला वाटत नाही.

चकल्या पाठवते आहे. निम्म्या मोडतील, तरी खा.

आक्का


८ डिसेंबर २०२४

शिवकांत,

झालं. सांगून टाकलं.

शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या. ईश्वरी भिंतीवर चित्रं दाखवून बोलत होती. आताच्या चक्क्या कशा उंच, पाती कशी लांब, कमी वाऱ्यावरही कशी फिरतात. लोक माना डोलवत होते. मग शेठ उठले. आता काठी घेऊन चालतात. म्हणाले, "बाई, त्या टायमाला बी एकानं आसाच कागद दाखवला व्हता. ह्याच गावचा पावना व्हता. चोर निघाला. तुमचा कागद कोन तपासलाय ते आदुगर सांगा."

मी बायकांत मागे बसले होते. उठले. पदर खोचला आणि म्हणाले, "शेठ, चोर तो न्हाई. मी हाय. हिवाळ्याचे आकडे माझ्या मनानं लिवले. भावाला ठावं नव्हतं. त्यानं इचारलं तवा बी मी खोटी आन घेतली."

मग मी सगळं सांगितलं, बॅटरी, वही, टाकी. सोमवारचं सांगितलं तेव्हा मात्र मागची पोरं फिसकन हसली आणि बघता बघता सगळा गाव हसला. नर्मदाबाई तर डोळे पुसत हसत होती, लबाड, अर्धं श्रेय तिचं आहे. मलाही हसू आलं. आठ वर्षं ज्याच्या भीतीने मी कुणाशी तोंड उघडून बोलले नाही, त्याला गाव हसला आणि मोकळा झाला.

शेठ हसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "चक्क्यांचं जाऊ द्या बाई, त्या आजून फिरायल्यात. पन मी आठ साल एका लेकराला चोर म्हनलो, त्याचं काय करू? त्याचा पत्ता द्या." मी पाठ होता तो सांगितला. त्यांच्या मुनिमाने लिहून घेतला. तुला पत्र येईल, उत्तर दे, माणूस वाईट नाही.

ईश्वरी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. भाकरी मुकाट्याने खायची, पातळ झाली नाही तरी. तिसऱ्या दिवशी स्वतःच ओट्यावर येऊन बसली. तिने ऑफिसला लिहून तुझ्या नावापुढचा शेरा काढून टाकायला लावला. जुलै ते नोव्हेंबरचे तुझे आकडे तिच्या मनोऱ्याच्या पन्नास मीटरवरच्या आकड्यांशी तंतोतंत जुळतात म्हणाली, इतकं चोख काम तिने क्वचित पाहिलंय. मग मला म्हणाली, "काकू, आणखी एक सांगते, पण फुगू नका. एकशेवीस मीटरवर हिवाळ्यातही वारा आहे. खाली अडीच असतो तेव्हा वर पाच-साडेपाच. जमीन गार झाली की तो वरच्या वर वाहतो."

मी म्हणाले, "म्हणजे मी लिहिलं ते खरंच होतं की!"

ती म्हणाली, "खोटंच होतं. टाकीपासून वर शंभर मीटर चुकलं." आणि आम्ही दोघी हसलो. त्या रात्री गाढ झोप लागली.

आक्का


१९ जानेवारी २०२५

शिवकांत,

तू रागावून लिहिलंस. रागावून का होईना, दोन पानं लिहिलीस, त्यामुळे मी आधी पानं मोजली आणि मग वाचली.

म्हणतोस, "आठ वर्षं मी जे झाकलं ते तू पटांगणात उघडं केलंस. मग मी सोसलं ते कशासाठी?" बरोबर आहे तुझं. पण मोठी बहीण आहे, दोन शब्द मीही बोलणार. तुला माझी लाज झाकायची होती ना, मग माझ्याशी बोलत राहायचं होतंस. तू मला लोकांपासून वाचवलंस आणि स्वतः मात्र सोडून गेलास. लोकांनी चार दिवस नावं ठेवली असती आणि विसरले असते. तुझ्या न बोलण्याने मात्र मी रोज झिजले. मला यापेक्षा शेठच्या शिव्या चालल्या असत्या.

हे लिहिल्यावर मला रडू आलं. दाजींनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "कांदा." तर म्हणाले, "चिठ्ठीत कांदा चिरायलीस व्हय?"

चूक माझी पहिली आणि माझीच मोठी. पण आता फिटंफाट करत बसायचं वय राहिलं नाही. मी त्रेसष्टची झाले. महाशिवरात्रीला ये. राजेश्री आणि सृष्टीला सुट्टी नसेल तर एकटा ये. शेतात हुरडा संपलेला असेल, पण हरभरा असेल. वाद घालायचा असेल तर समोर बसून घालू, पोस्टाच्या तिकिटांचा खर्च वाचेल.

आक्का


४ मार्च २०२५

शिवकांत,

तू पोचल्याचा फोन आला. हो, फोन! बजरंगला सांगितलं तर तो म्हणतो, "मंग आता माझं पोस्टाचं काय?" म्हणून त्याच्यासाठी हे पत्र लिहिते आहे. आणि एक गोष्ट तुला पुन्हा सांगायची आहे, ती मला कागदावरच नीट सांगता येईल.

चार दिवस तू होतास. दार उघडं आणि तू पिशवी घेऊन उभा. केस पांढरे झालेत तुझे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी ठरवलेलं एकही वाक्य बोलले नाही. तू वाकलास, मी म्हणाले, "हातपाय धू, भगर निवायली." दाजींनी नंतर माझी नक्कल केली. आठ वर्षांचा अबोला आणि हिने भगरीवर संपवला, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तू ईश्वरीबरोबर माळावर गेलास. परत आलात तेव्हा तुम्ही दोघं एकाच वेळी बोलत होतात, पाती किती लांब घ्यावीत, कोणत्या उंचीवर, पावसाळ्याची वीज किती आणि हिवाळ्याची किती. मला अर्धं कळलं नाही. तुझा चेहरा मात्र कळला. लहानपणी पिंगळीच्या स्टेशनावर इंजिन बघायला नेलं की असा दिसायचास.

मग ईश्वरीने तुला विचारलं. पुढच्या वर्षी इथं बारा चक्क्या उभ्या राहतील, त्या सांभाळायला अनुभवी माणूस हवा, कंपनीला तुमचं नाव सांगू का? निघायच्या सकाळी ओट्यावर चहा पिता पिता मला विचारलंस, "आक्का, मी हितं आलो तर बरं व्हईल का?"

तुला माहीत नाही, त्या क्षणी माझं काय झालं. ज्याच्यासाठी सगळं केलं ते तू स्वतः हातात आणून ठेवलं होतंस. 'हो' एवढंच म्हणायचं होतं. पण आदल्या दिवशी तूच सांगितलं होतंस, भुजला राजेश्रीची शाळेतली नोकरी पक्की झाली आहे, सृष्टी तिथल्या मैत्रिणींशी गुजरातीत भांडते, आणि तुझ्या हाताखाली दोनशे चक्क्या आहेत, तिथं वारा हिवाळ्यातही थांबत नाही. हे सांगताना तू किती खुशीत होतास ते मी बघितलं होतं.

मी काय म्हणाले ते तू ऐकलंस, पण तेवढ्यात जीपवाल्याने हॉर्न दिला आणि तू गडबडीत पिशवी उचललीस. मागाहून तुला वाटेल आक्का काहीतरीच बोलली, किंवा मन राखायला बोलली. म्हणून इथं लिहून देते, खाली सही करून.

तुला बरं नाही होणार, शिवकांत. मला होईल.

उमादेवी